ग्वाल्हेरसाठी विणलेला मफलर

सुनेनं ओला स्वेटर उन्हात टाकला, आणि त्या वासानं मला मल्हारगंजातलं घर आठवलं. तेव्हा मध्यभारत हे वेगळं राज्य होतं आणि हिवाळ्यात त्याची राजधानी ग्वाल्हेरला हलायची. तिच्याबरोबर बाबांची सरकारी कचेरीही जायची. आईनं घरकाम उरकून त्यांच्यासाठी मफलर विणला आणि ते निघायच्या आदल्या दिवशी चुकून कढत पाण्यात धुतला. तो आटून घोंगडीसारखा जाड झाला, गळ्याभोवती येईना.

"आता दुसरा विणायला हातांत त्राण नाही हो," आई म्हणाली.

"छातीला पुरतो ना. सर्दी तिथंच लागते," म्हणत बाबांनी तो कोटाच्या आत धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांगा आला तेव्हा आई भिंतीला टेकून झोपली होती. मी तिला उठवायला निघाले.

"राहू दे. थकली आहे," बाबा हळूच म्हणाले आणि गेले.

तेव्हा मला त्यांचा राग आला. आता कळतं, त्या झोपेखेरीज आईला द्यायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.