भाऊजींचं डावं-उजवं

आमच्या भाऊजींइतका उलटा माणूस गंगापूर तालुक्यात दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असलाच तर तो डॉक्टर व्हायला नक्कीच निघाला नसेल. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी औरंगाबादला पानदरीब्यात दोन खोल्यांचा संसार मांडला आणि त्याच पावसाळ्यात ते एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आले. मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला होता. घराण्यात पहिलंच पोरगं डॉक्टर होणार म्हणून गावानं त्यांना हार घालून एसटीत बसवलं होतं. तशी त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती. डोकं तल्लख, पाठांतर खणखणीत, कष्टाला मागे हटायचे नाहीत. फक्त डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे त्यांना कळत नसे.

ह्याला कारण आमच्या सासूबाई. भाऊजी जन्मतः डावखुरे. डाव्या हातानं जेवायला लागले की सासूबाई त्या हातावर चापट मारून घास उजव्या हातात द्यायच्या. जेवणाचं वळण त्यांनी बदललं, पण लिहिणं, विळा धरणं, दगड मारणं ही सगळी कामं डाव्या हाताकडेच राहिली. त्यामुळे मोठेपणी कुणी 'उजवा' म्हटलं की भाऊजींना आधी आठवावं लागायचं, की आपण जेवतो कुठल्या हातानं. नुसतं आठवून भागत नसे. हात तोंडाकडे नेऊन बघावा लागे. सिटी चौकात त्यांना कुणी पत्ता विचारला तर ते आधी हवेतला एक घास खायचे आणि मग रस्ता सांगायचे. माणसं आभार न मानताच निघून जायची.

शेतीत हे खपून गेलं असतं. पण डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना नावाचा विषय असतो, आणि त्याच्या तोंडी परीक्षेत सर हातात एक हाड देतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की हे कुठल्या बाजूचं? त्यातून सरांच्या लेखी माणूस समोर तोंड करून उभा, म्हणजे त्याचं उजवं ते आपलं डावं. हे कळल्यावर भाऊजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उपाय काढला. मी पोळ्या लाटत असले की मागून आवाज यायचा, "वहिनी, जरा पाठ करून उभ्या राहता का?" मी पाठ करायची. मग ते माझ्यामागे हातभर अंतरावर हाड धरून उभे राहायचे आणि माझ्या कुठल्या बाजूला ते बसतं ते बघायचे. अशा किती पोळ्या करपल्या त्याचा हिशोब ह्यांनी ठेवला असेल, कारण त्या ह्यांच्याच पानात पडायच्या.

हाडांचा तो अर्धा सेट त्यांनी वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून आणला होता. पोरं अशीच एकमेकांकडून नेतात, पास झालं की खालच्या वर्गाला देतात. तरटाच्या पिशवीत तो त्यांच्या खाटेखाली असायचा. भाऊजी त्याला 'पाहुणे' म्हणायचे. आपणही भावाच्या घरी पाहुणे, तेही पाहुणे, असा त्यांचा हिशोब. "वहिनी, पाहुणे दमट झालेत, जरा गच्चीवर ऊन देतो," असं ते इतक्या सहज सांगायचे, की शेजारच्या बायका मला विचारायच्या, तुमचे पाहुणे कधी खाली येताना दिसत नाहीत ते.

शिकलेलं पोटात ठेवण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. सकाळी कॉलेजात जे कळलं ते संध्याकाळपर्यंत आमच्या वाड्यातल्या कुणाच्या तरी अंगावर करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नाडीचा धडा झाला तेव्हा दूधवाल्याला त्यांनी जिना चढायला-उतरायला लावलं आणि त्याचं मनगट धरून बसले, तोवर खाली त्याच्या कॅनला मांजर लागलं. गुडघ्यावर टोला मारला की पाय आपसूक उडतो हे कळल्यावर त्यांनी माझं लाटणं उचललं आणि घरमालक खाँसाहेबांना खुर्चीत बसवलं. पाय उडाला तसा खाँसाहेबांनाही आनंद झाला. पण भाऊजींना एकदा बघून भागेना. आठवड्यानं खाँसाहेब हळूच मला म्हणाले, "बेटी, उनकू बोलो, डाक्टर बनना है तो शौक से बनो, लेकिन मेरे घुटने कू बख्श दो." लाटणं मी डब्यात कुलूप लावून ठेवायला लागले.

एकदा ह्यांचे साहेब जेवायला आले होते. मी जीव ओतून मटण केलं होतं. साहेबांनी पहिलंच हाड उचललं आणि भाऊजींनी त्याचं नाव सांगितलं, ते बोकडाच्या कुठल्या सांध्यात बसतं, त्यावरून कुठली शीर जाते, तीही सांगितली. मग हातातला घास तोंडाशी नेऊन क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "डाव्या बाजूचं." साहेबांनी हाड खाली ठेवलं. पुढं ते आमच्याकडे बरेचदा आले, पण चहालाच.

पहिल्या तोंडी परीक्षेत व्हायचं तेच झालं. बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी दंडाचं हाड हातात दिलं आणि भाऊजींचा हात सवयीनं तोंडाकडे गेला. परीक्षकांनी विचारलं, भूक लागली आहे का? भाऊजी खरं बोलणारे, सकाळपासून उपाशी. ते हो म्हणाले. पुढं हाडाला चिकटणारे सगळे स्नायू त्यांनी धडाधड सांगितले, पण बाजू चुकली होती, त्यामुळे सगळं बरोबर असून सगळं उलटं झालं. नापासाचा निकाल लागला त्या संध्याकाळी ते गच्चीवरून खालीच आले नाहीत. मामंजींचा गंगापूरहून निरोप आला, की अजून एक वेळ बघू, नाहीतर वळकटी उचलून ऊस बघायला यायचं. निरोपात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. मामंजींनी तर भाऊजींच्या नावानं बैलजोडी बघायलाही सुरुवात केली होती.

तेव्हापासून घरातली गंमत आटली. भाऊजी पाठ करत राहिले, मी पाठ करून उभी राहत राहिले, पण दोघांनाही हसू येईना. फेरपरीक्षा दिवाळीच्या आधी होती. भाद्रपदात, ऐन पितृपक्षात, सासूबाई डोळे दाखवायला म्हणून आमच्याकडे आल्या. मी पाहुण्यांची पिशवी आधीच खाटेखाली पार भिंतीशी सरकवली होती. पण सासूबाईंना रिकामं बसवत नाही. शेंगा असतील, फोडून ठेवू, म्हणून त्यांनी ती पिशवी ओढली आणि मांडीवर उपडी केली.

मी चहाचं आधण टाकून धावले. वाटलं, आता देव बाटले, घर बाटलं, आणि भाऊजी आजच्या आज गंगापूरला. भाऊजी दारातून पिशवीकडे झेपावले. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मांडीवरचं एक हाड उचलून त्यांनी पदरानं पुसलं आणि विचारलं, "कुणाची हायेत रं ही?"

"माणसाची, माय."

"माणसाची हायेत ते मलाबी दिसतंय. कुणाची?"

भाऊजींना नाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, बेवारस असणार. सासूबाईंनी ते हाड मांडीवर जपून ठेवलं. मग म्हणाल्या, "वरीस झालं तू ह्याच्या जिवावर शिकतोस. पित्रं चालू हायेत, आन् ह्याच्या नावानं एक घास नाय टाकला कुणी. कसा पास व्हशील?"

भाऊजींनी विज्ञान सांगायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी तो ऐकला आणि बाजूला ठेवला. त्यांची अडचण वेगळीच होती. पुरुष असेल तर घास अमावास्येला टाकायचा. बाई असेल तर नवमीला, सवाष्ण जेवू घालून. आणि नवमी परवावर आली होती. "बाप्या हाय का बाई, तेवढं सांग. म्हातारं का तरणं, तेबी सांग. मग मी माझं बघते."

पाहुणे म्हटलं की पुरुष, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. भाऊजींनीही. पुस्तकात लिहिलेलं त्यांना तोंडपाठ होतं, पण आपल्या खाटेखालच्या हाडांना ते लावून बघावं असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. बाजूच्या घोरात माणूसच राहून गेला होता. ते पिशवी घेऊन गच्चीवर गेले आणि ऊन कलेपर्यंत तिथंच बसले. खाली आले तेव्हा कंबरेचं हाड हातात होतं. त्याच्या मागच्या बाजूला एक खाच असते. पुरुषाच्या हाडात तिथं अंगठा अडकून बसतो, बाईच्या हाडात इकडून तिकडे हलतो. भाऊजींनी सासूबाईंचाच अंगठा धरून त्या खाचेत ठेवला. तो हलला.

"बाई हाय, माय," ते म्हणाले. मग त्यांनी हाडाच्या वरच्या काठावरची एक बारीक रेघ दाखवली. वाढ पूर्ण झाली की ती बुजते. हिची पुरती बुजली नव्हती. "वीस-एकवीसची आसंल. आपल्या वहिनीएवढी."

मी चुलीकडे तोंड फिरवलं. वर्षभर ज्या हाडांना पाठ करून मी उभी राहिले होते ती माझ्या वयाच्या मुलीची होती. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की लग्न झालेली होती का ते हाडांवरून कळतं का? भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. "मग सवाष्णच धरू," सासूबाई म्हणाल्या. "तिला कुणी इचारलं नसंल. आपण चांगलं तेच धरू."

नवमीला त्यांनी पुरणपोळी केली, कढी-वडे केले, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकला. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा 'बाई' एवढंच म्हणाल्या. शेजारची सवाष्ण बोलवू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, नको, तू तिच्या वयाची आहेस, तूच बस. हिरव्या बांगड्या भरून, ओटी घेऊन मी पाटावर बसले. अनोळखी मुलीच्या वाटचं जेवण मी पानात काही न टाकता जेवले. भाऊजी दारात उभे होते. एरवी पुरणपोळी पोटात गेल्यावर तिचं काय काय होतं हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. त्या दिवशी त्यांनी पुढं येऊन माझ्या पानापुढं वाकून नमस्कार केला. मला नव्हता तो. मला कळलं, म्हणून मी हसले नाही.

दिवाळीच्या आधीच्या तोंडी परीक्षेला पुन्हा तेच परीक्षक आले. हातात आलं ते कंबरेचं हाड. भाऊजींचा हात तोंडाकडे गेला नाही. त्यांनी हाड हळूच आपल्या कंबरेशी लावलं आणि बाजू सांगितली, मग पुरुषाचं हेही सांगितलं, वय सांगितलं, आणि न विचारता असंही म्हणाले, की हा माणूस पुष्कळ ओझं वाहणारा असावा. परीक्षकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही म्हणे. मी विचारलं, अचानक डावं-उजवं कळलं कसं? "वहिनी, आजवर मी माझंच उजवं हुडकत बसायचो," ते म्हणाले. "तिथं त्याचं हुडकलं."

ते पास झाले. खालच्या वर्गातला एक मुलगा सेट न्यायला यायचा होता, तेव्हा भाऊजींना धास्ती होती, दिवाळीपर्यंत आमच्याकडेच थांबलेली माय काय म्हणेल ह्याची. सासूबाई ती हाडं कायगावला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडायला सांगतील असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. आणखी एखादं लेकरू पास करंल." तरटाची पिशवी तेवढी त्यांनी चुलीत घातली आणि माझ्या जुन्या लुगड्यात सगळं नीट बांधून दिलं.

पुढं भाऊजी डॉक्टर झाले आणि चांगले झाले. पेशंटला आधी नाव विचारतात, मग गाव, आणि मग दुखतं कुठं ते. आता त्यांचेही केस पिकलेत. माझ्याकडे येतात, खुर्चीत सरळ बसतात, चहा घेतात, बेतानं बोलतात, माझी औषधं बघून जातात. त्या परीक्षेच्या वेळी मी खुलताबादच्या मारुतीला नवस बोलले होते, की हे पास होऊ देत. मारुतीनं ऐकलं आणि मी तो वेळेवर फेडलाही. पण पास झाल्यावर ते इतके शहाणे होतील, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.