फौजदारांचा तपास

पुढ्यात आलेल्या ताटाची चौकशी केल्याशिवाय फौजदारांनी कधी घास उचलला नाही. लग्नाच्या पंगतीतही वाढप्याला थांबवून ते विचारीत, "ह्यात काय काय घातलंय? खरं सांग." पोलीस खात्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, नाव आम्हीच पाडले होते. ते चाकणकडच्या शेतकरी घरातले. पन्नासच्या दशकात पिंपरीला नव्याने सुरू झालेल्या एका औषधाच्या कारखान्यात, बाटल्या भरण्याच्या खात्यात, ते आणि मी हंगामी कामगार होतो.

चिंचवड गावात आम्ही दोघे एका खोलीत राहत असू. दूध त्यांना लहानपणापासून सोसत नसे. चहातल्या चमचाभर दुधानेही पोट फुगे. ताक मात्र चाले. "दूध माझ्याशी भांडतं, ताक न्हाई. का, ते त्या दोघांनाच ठावं," असे ते म्हणत. त्यामुळे कोणाला काय बाधते, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. माझ्या हातात सदा पुस्तक, म्हणून मला ते मास्तर म्हणत.

माझे दुखणे ओठांचे. आधी कोपऱ्यात चुणचुण, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस, मग खपली. फौजदार सहाणेवर ज्येष्ठमध उगाळून देत आणि माझा पेला वेगळा ठेवत. "फोडाला हात लावायचा न्हाई, आन् माझ्या पेल्यालाबी न्हाई." आग कमी होई. पण एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. "हे वरवरचं झालं. आतून कोण धाडतंय त्ये बघू." त्यांनी मला रोजचे जेवण खडूने भिंतीवर लिहायला लावले. फोड उठला की त्या दिवसापुढे फुली. आठवडाभर वांगे बंद, मग लोणचे बंद. फुली तरी पडलीच, की ते निकाल देत, "वांगं निर्दोष. सोडा त्याला."

खात्याच्या दाराशी कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज आमचे हात आणि तोंड तपासत असे. फोड दिसला की आत प्रवेश नाही. चौथ्यांदा मला परत पाठवताना तो म्हणाला, "पुन्हा असं तोंड घेऊन आलात, तर कायम व्हायचं विसरा." गावी आई आणि दोन बहिणी माझ्या नोकरीवर अवलंबून होत्या.

त्या संध्याकाळी फौजदार बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले.

"मास्तर, फुलीच्या आदी दोन दिस, दर वेळी जागा कोरी. का?"

"एकादशी होती. उपास."

"उपास म्हंजी तोंड शिवलं व्हतं?"

"नाही. खिचडी खाल्ली. दाण्याची आमटी. घरमालकीणबाईंनी दाण्याचा लाडू दिला होता."

"मग लिवलं न्हाई?"

उपासाचे खाणे खाण्यात धरायचे असते, हे माझ्या मनातच आले नव्हते. फौजदारांनी कपाळावर हात मारला. "अरं देवा! तिन्हीत दाणं! चोर देवाच्या मागं लपलाय व्हय!"

पुढच्या एकादशीला बाईंकडून नेहमीचे ताट आले. मला नको म्हणवेना. फौजदार ताट घेऊन स्वतः खाली गेले.

"बाई, मास्तरांना दाणं सोसत न्हाईत. वरीचा भात द्या. वर ताक."

"उपासाच्या अन्नाला नावं ठेवता?"

"देवाला सोसतंय की, बाई. मास्तरांच्या ओठाला न्हाई."

त्या एकादशीनंतर ओठ स्वच्छ राहिले. पुढच्याही. कायमचे गेले असे नव्हे. ताप आला की वर्षातून एखाददा फोड उठत. पण तोवर माझा कायमचा हुकूम हातात पडला होता.

खात्यात कायमची जागा एकच होती, हे मला हुकूम मिळाला त्या दिवशी कळले. दुसरे उमेदवार फौजदार होते. महिन्याअखेर ते तळेगावला काचेच्या कारखान्यात गेले, आणि भट्टीसमोर त्यांची सारी नोकरी झाली.

ते गेल्या महिन्यात वारले. त्याआधी भेटायला गेलो होतो, तेव्हा इतकी वर्षे राहिलेला प्रश्न विचारला. जागा एकच आहे, हे त्यांना आधी ठाऊक होते का?

"कंपाउंडरनं सांगितलं व्हतं की."

"मग तरीही?"

"मग काय? रोज जेवाया बसायचं, आन् समोर तुमचं त्ये तोंड. घास उतरंना, राव."