आपले तांदूळ

अण्णा हाताला येईल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. फणस कोणीही वाजवतो. अण्णा टेबल वाजवायचे, दार वाजवायचे, एकदा तर जावयाने आणलेली नवी ट्रंक त्याच्यादेखत वाजवली. "आवाज भरीव लागला की माल पक्का," हे त्यांचं एकूण यंत्रशास्त्र. पावसला आंब्याच्या तीन बागा असलेल्या माणसाला याहून जास्त कळावं लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

ऐंशीच्या दशकात त्यांनी रत्नागिरीत आमरस बाटल्यांत भरायचा कारखाना काढला. मी तिथला मिस्त्री. बायका बाटल्यांवर हाताने झाकणं ठेवत आणि यंत्र ती आवळत असे. एका हंगामाआधी बाटल्यांवर आपोआप झाकणं पुरवणारं यंत्र घ्यायचं अण्णांच्या मनाने घेतलं. मुंबईला निघताना मी म्हटलं, "अण्णा, आपली झाकणं पिशवीभर घेऊया. त्यांच्या यंत्रात घालून बघू."

"दुसऱ्याकडे जेवायला जाताना आपले तांदूळ नेतोस काय रे, मेल्या?"

मुंबईत विक्रेत्याने स्वतःची खोलगट, चकचकीत झाकणं यंत्राच्या भांड्यात ओतली. भांडं थरथरलं आणि झाकणं एकामागोमाग पालथी होऊन पन्हळीतून खाली आली. मी विचारत होतो, उथळ झाकण चालेल का, वाकलेलं चालेल का. अण्णांनी भांड्याला पेर मारलं आणि डोळे मिटून ऐकलं. "भरीव आहे. पाठवून द्या." असं गिऱ्हाईक त्या विक्रेत्याने जन्मात पाहिलं नसणार.

मे महिन्यात रस उकळला, बाटल्या भरल्या, पट्टा सुरू केला. आमची झाकणं उथळ. पालथं कुठलं नि उताणं कुठलं, हे त्या भांड्याला ओळखताच येईना.

"अण्णानू, निम्मी उताणीच येतायत!" काशीबाई पट्ट्याजवळून ओरडली.

रस गरम आहे तोवर झाकण बसलं नाही तर बाटली आंबते, आणि पडवीत पिकलेल्या आंब्याच्या पेट्या वाट बघत होत्या. अण्णा मात्र भांड्याला पेर मारत उभे. "आवाज तर बरोबर लागतोय!" बायका हाताने झाकणं ठेवायला बसेपर्यंत रस निवला, आणि त्या दिवसाचा सगळा रस आम्ही मागच्या चरात ओतला. मला त्यांचा मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवसापासून बायका पुन्हा हाताने झाकणं ठेवू लागल्या. माणसं कमी पडली म्हणून अण्णाही त्यांच्या रांगेत बसले, हंगाम संपेपर्यंत. पण चुकलं म्हणतील तर शपथ. "यंत्र उत्तम आहे, झाकणंच हलकट," हे रोज चाललेलं.

पुढच्या वर्षी दुसरं यंत्र बघायला गेलो. या विक्रेत्यानेही आपली चकचकीत झाकणं बाहेर काढली. अण्णांचं पेर भांड्यापर्यंत गेलं आणि तसंच मागे आलं. मग त्यांनी काखेतली पिशवी माझ्या हातात कोंबली. आत आमची उथळ झाकणं होती.

"ओत," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आपले तांदूळ आहेत."