सिस्टरांचा डावा हात

“दाबून ठेवा. सोडायचं नाही. आणि आता सुई झाका,” म्हात्रे सिस्टर म्हणाल्या.

माझ्या डाव्या हाताने मी त्यांच्या मनगटावर कापसाचा बोळा दाबून धरला होता. उजव्या हातात आमची नवी सिरिंज, कोरी, दाखवण्यापुरती आणलेली. ती झाकायला दुसरा हात हवा होता आणि तो सिस्टरांनी आधीच कामाला लावला होता. नेरुळच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या बाहेर, सिरिंजचं डिझाइन करणारा इंजिनिअर मख्खासारखा उभा होता.

आधी थोडं समजावतो. नेहमीच्या टेस्टचं रक्त शिरेतून काढतात. पण रक्तात ऑक्सिजन नीट पोचतोय का हे बघायचं असेल, तर ते धमनीतून घ्यावं लागतं, बहुतेकदा मनगटातून. धमनीत रक्ताला जोर असतो, त्यामुळे आमची सिरिंज आपोआप भरते, ओढावी लागत नाही. मात्र सुई काढली की त्याच जोराने रक्त बाहेरही येतं. म्हणून तिथे निदान पाच मिनिटं दाबून धरायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. आमच्या माहितीपत्रकात ते मीच लिहिलं होतं.

रबाळ्याच्या कारखान्यात आम्ही वर्षभर या सिरिंजवर खपत होतो. सुईभोवती सरकणारी एक प्लास्टिकची नळी, ही तिची खासियत. काम झालं की नळी पुढे ओढायची, जरा फिरवायची, ‘टक्’ वाजतं आणि सुई आत बंद. आमचे बॉस टिपणीस साहेब त्या ‘टक्’वर बेहद्द खूश. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ‘टक्’ मिळायचं. चाचणीसाठी आम्ही रबरी ट्यूबला धमनी मानायचो आणि ती वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचो. सुई टोचायची, काढायची, टक्. एकदाही चुकलं नाही. सोमवारी मोल्डची, म्हणजे प्लास्टिकच्या पोलादी साच्याची ऑर्डर जाणार होती. साचा कापला की बदलाचा विषय संपला. सिस्टरांकडे आम्ही खरं तर कौतुक ऐकायला आलो होतो.

“झाका ना,” सिस्टर पुन्हा म्हणाल्या.

मी नळी अंगठ्याने ढकलून पाहिली. ढिम्म. करंगळी लावली. मग नकळत सिरिंज तोंडाकडे गेली.

“कांबळे, दात नको!” साहेब ओरडले आणि मदतीला त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

“अवो साहेब, तुमी काय परत्येक पेशंटला येनार हाय झाकायला?”

सिस्टर मूळच्या इथल्याच सारसोळे गावच्या. एरवी वॉर्डात अगदी पुस्तकी बोलतात. चिडल्या की गाव बाहेर येतं.

“मग सध्या तुम्ही कसं करता?” मी विचारलं.

“सुई उघडीच ट्रेत ठेवते. डाव्या हातानं बोला दाबते आनि पाच मिनटं सुईकडं बगत बसते. येकदा पेशंटनं हात झटकला, ट्रे कलंडला, सुई या बोटात.” त्यांनी उजवी अनामिका दाखवली. “एचआयव्ही होऊ नये म्हनून महिनाभर गोल्या खाल्ल्या. रिपोर्ट येईस्तवर पोरीला हातानं भरवलं नाय मी. तसं काय होत नाय, माहीत हाय मला. तरी हात धजला नाय.”

मला लाज वाटली. साहेबांनी सिरिंज माझ्याकडून घेतली, दोन्ही हातांनी झाकली आणि खिशात घातली.

परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “टक् मात्र छान होतं हो.” मग फोन काढून त्यांनी सोमवारची ऑर्डर थांबवली.

नव्या डिझाइनमध्ये नळी गेली. सुईच्या बुडाशी बिजागरीचं झाकण आलं. सिरिंज एका हाताने ट्रॉलीवर टेकवून दाबली की झाकण सुईवर मिटतं आणि अडकून बसतं. वाइसलाही रजा दिली. आता चाचणी करणाऱ्याने डाव्या हाताने कुणाचं तरी मनगट दाबून धरायचं, असा नियम झाला. ऑफिसात सगळ्यात मोकळं मनगट साहेबांचं असल्यामुळे बहुतेक वेळा तेच सापडायचं.

तीन महिन्यांनी पुन्हा नेरुळ. सिस्टरांनी साहेबांचंच मनगट धरलं, बोळा दाबला, उजव्या हाताने सिरिंज ट्रॉलीवर टेकवली. झाकण मिटलं.

“वाजलं नाही,” साहेब कुरकुरले.

सिस्टरांनी नवी सिरिंज घेतली, पुन्हा केलं. मग आणखी एकदा. बोळ्यावरचा डावा हात एकदाही हलला नाही.

“ही आम्हाला वॉर्डात कधीपासून मिळेल?” त्यांनी विचारलं. अगदी पुस्तकी मराठीत. मला तेवढी पावती पुरली.

दाबून धरायचं हे माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं. ते कोणत्या हाताने, हा प्रश्न पडायला मला एक वर्ष आणि एक सिस्टर लागल्या.