विहिरीजवळचा दीड हात बांध

मारेगावच्या स्टँडवर यवतमाळची एसटी लागली आणि घाईत तुरीच्या डाळीचा डबा उचलताना झाकणाच्या पत्र्यानं माझा अंगठा कापला. रक्ताची धार लागली. आई कुंपणाकडे गेली, मूठभर पाला खुडून आणला, तळहातावर चोळला आणि त्याचा हिरवा रस माझ्या अंगठ्यावर पिळला. चांगलंच झोंबलं, पण थोड्या वेळात रक्त थांबलं. "सांजवरी धुजो नोको," एवढंच म्हणाली. बस वळेपर्यंत ती तिथंच उभी होती. आणि मी काय केलं, तर यवतमाळला गाडी बदलताना नळाखाली अंगठा घासून घासून धुतला. पुण्यात हिरवा अंगठा घेऊन कोण जाणार?

तो पाला कंबरमोडीचा. पुस्तकात तिला एकदांडी म्हणतात. खरखरीत पानं, लांब दांडी आणि तिच्या टोकावर एकच बारकं पिवळं फूल. कुठंही उगवते, म्हणून तिला कोणी विचारत नाही. आई मात्र विचारायची. विळा लागला, कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, जू घासून बैलाच्या खांद्याला जखम झाली, की आईचा हात तिच्याकडे जायचा. आमच्या विहिरीजवळ बांधाची दीड हात जागा ती कधी निंदू द्यायची नाही. निंदणाऱ्या बाया हसायच्या, "काकू, तण पोसता काय व?" आई म्हणायची, "तुह्या बोटाले लागीन तवा येशीनच." येतही असत बिचाऱ्या. जखम खोल असली किंवा गंजकं लोखंड लागलं असलं, तर मात्र आईच त्यांना दवाखान्यात पिटाळायची. "पाला रक्त थांबोते, इंजेक्शनचं काम नाही करत."

पुण्यात आल्यावर हॉस्टेलच्या पोरी हसू नयेत म्हणून मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' घोटलं. आणि नशीब पाहा, नोकरी लागली ती त्याच 'मले-तुले'वर. तणनाशक विकणाऱ्या एका कंपनीला हेल्पलाइनसाठी वऱ्हाडी बोलणारी मुलगी हवी होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी विचारायची, "काका, कोणतं तण हाये?" साहेब म्हणायचे, तुझ्यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. सगळ्यात आधी बसला तो आईचा. तिचे गुडघे धरले होते आणि निंदायला बाया मिळत नव्हत्या. मीच हौसेनं औषधाचे डबे घरी पाठवले. फवारणीला गडी लाव आणि बसून राहा, असं वर बजावलं.

एक दिवस तिचा फोन आला. "या औषदानं कंबरमोडीबी मरते काय व?"

माहितीपत्रक समोरच होतं. मरणाऱ्या तणांच्या यादीत एकदांडी तिसरी. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तशी मी ठसक्यात म्हणाले, "हो आई, सफा जाते!" ती "बरं" म्हणाली. मी पुढचा कॉल घेतला.

दिवाळीला घरी गेले. वावरात गाईसाठी गवत कापत होते. सवय सुटलेली, विळा बोटावर आला. आई गुडघे विसरून विहिरीकडे धावली. बांधाशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. तिथं नुसती करपलेली काडी होती. रिकाम्या हातानं परत आली, पदराची किनार फाडून माझं बोट बांधलं. मी विचारलं, "तेवढी जागा तरी सोडायची होतीस ना?"

"पोरगी त्या कंपनीत हाये," ती म्हणाली. "तिचंच औषद आपुन अर्धं मारलं, त लोकाइले कसं दिसन?"

मला रडू आवरेना. आई उलट वैतागली, "डब्यानं कापलं तवा नाही रडली, आता काहून रडून राह्यली?" काय सांगू तिला? तुझ्या हातचा रस मी यवतमाळलाच धुऊन टाकला होता, हे आजही तिला सांगितलेलं नाही.

सुट्टीवरून परतले, तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये, फरशीच्या फटीत कंबरमोडी! इतकी वर्षं तिच्यावरून चालत गेले असेन. पुढच्या खेपेला दोन रोपं मुळासकट काढली आणि दुधाच्या पिशवीत ओली माती भरून घरी नेली. आई पोट धरून हसली. "पुण्याहून तण आणलं व माय! कोणाले सांगू नोको." पण रोपं तिनं स्वतः विहिरीजवळ लावली, आणि फवारणीच्या गड्याला तिथं यायची बंदी केली.

माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या पोरींनो, यानंतर मी नोकरी सोडली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही सोडली. तेवढी धमक माझ्यात नाही, आणि हेडफोन लावताना रोज ते टोचतं.

परवा केळापूरकडच्या एका काकांचा फोन आला. "बांधावरची कंबरमोडी जाईन काय?" कॉल रेकॉर्ड होतात. मी म्हणाले, "जाते काका." आणि मग राहवलं नाही. "पण विहिरीपाशी दीड हात जागा सोडजा. बोट कापलं की कामी पडते."

काका हसले. "कोन्या गावची व पोरी तू?"

या प्रश्नाला 'कंपनीच्या पुणे ऑफिसमधून बोलतेय' असं उत्तर द्यायचं असतं. मी इतकी वर्षं तेच देत आले. त्या दिवशी गावाचं नाव सांगितलं. घर म्हटलं की मला आता विहिरीजवळची ती दीड हात जागा दिसते. फोनवर मी लोकांना तेवढीच सोडायला सांगू शकते. बाकीचा बांध माझ्याच शब्दावर जळतो.