कॉम्प्युटरची खुर्ची

जामखेडच्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. तेवीस वर्षं मराठी टायपिस्ट. माझ्या कागदावर खाडाखोड नसे. साहेब आल्यागेल्याला माझी पत्रं दाखवत आणि मी ऐकू न आल्यासारखं करून खूश होत असे. आता टाइपरायटर जाणार होता. कॉम्प्युटरवर एकीला बसवायचं आणि दुसरीने आवक-जावक बघायची, असं ठरलं. दुसरी म्हणजे आमच्या जावक विभागातली बाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पाकिटांवरचे पत्ते दोन बोटांनी बडवणारी. साहेबांनी दोघींनाही दर रविवारी नगरला क्लासला पाठवलं. तिला आपलं सोबतीला म्हणून पाठवताहेत, असं मी धरून चालले.

पहिल्याच रविवारी माझ्या पोटात दुखायला लागलं. चुकलं की ती स्वतःच हसायची. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांना ही खुशाल म्हणायची, "पोरी, परत सांग बाई, डोक्यात न्हाई शिरलं." मी कशी विचारणार? मी टायपिस्ट. मॅडम तिच्या खुर्चीमागे किती वेळ उभ्या राहतात, याच्यावर माझी नजर असे. येताना एसटीत ती माझ्यासाठी जागा धरायची, आणि मी बघितलं न बघितल्यासारखं करून मागे जाऊन बसायची. एवढ्या वयात असं वागणं शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी वागत होते.

दोन महिन्यांनी साहेबांनी परीक्षा म्हणून दोघींना एकच चार पानी अहवाल दिला. सकाळी मी बसले, तासाभरात उठले. तिला अख्खी दुपार लागली. त्या दिवशी घरी मी पुरणपोळी केली, कारण न सांगता.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "फाइलला लावायचाय. डावीकडे समास वाढवा." तिने काहीतरी दाबलं आणि तिचा मजकूर शहाण्यासारखा सरकला. माझ्या मात्र ओळी मोडल्या. एक लांब, खाली दोनच शब्द, परत एक लांब. चारही पानं तशीच. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजे आणि मी कागदाचं कॅरेज सरकवून नवी ओळ घेई. कॉम्प्युटरवर घंटी नव्हती, म्हणून मी अंदाजाने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबत गेले होते. ओळ आपोआप खाली जाते, हे मॅडमनी नक्की सांगितलं असणार. तेव्हा मी तिच्या पडद्याकडे बघत होते.

साहेब नुसता चष्मा पुसत राहिले. बोलली तीच.

"साहेब, टायपिंग यांनाच द्या. हात किती चालतोय बघा. एंटरचं मी सांगते त्यांना. जावक ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच."

साहेबांना ते पटलं. खुर्ची मला मिळाली, आणि मला तिचा आणखीच राग आला. माझ्या हक्काची वस्तू तिने मला द्यावी?

मी तिच्या टेबलापाशी गेले. "माझ्यावर उपकार करायची काही गरज नव्हती."

ती पाकिटांना तिकिटं लावत होती. "उपकार कसला, बाई? मला ते मशीन लई आवडलं हुतं. पर मी जावक करीन, न्हाई तर एखाद्या शाळंत घंटा बी वाजवीन. तुमाला टायपिंग सोडून काय येतं? जावक जमलं असतं का तुमाला?"

टोमणा असता तर मी तोंडभरून भांडले असते. तिने ते काळजीने विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होती. मी माघारी आले आणि कॉम्प्युटरसमोर, तिने दिलेल्या खुर्चीवर बसले.