मशीन परत आणायला तळेगावला

मे महिन्यात नागपूरच्या माणसाने घराबाहेर पडू नये, आणि पडलंच तर एसटीत खिडकीशी बसू नये. मी दोन्ही केलं. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांच्यासाठी मशिनी विकणाऱ्या दुकानात मी नोकरीला होते. रात्रभर नळीतून नाकात हवा सोडत राहणारी ही मशीन तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. तळेगावच्या (श्यामजी पंत) एका किराणा दुकानदाराने ‘घेऊन जा तुमची मशीन’ असा फोन केला, म्हणून शेठनी मला पाठवलं. पण परत आणायला गेले तरी मशीन मी सहसा परत आणत नाही, आणि हा लौकिक घालवायचा माझा मुळीच विचार नव्हता.

डोक्याला दुपट्टा, पिशवीत मशीनचे सुटे भाग, पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून आईने कोंबलेला कांदा, असा सरंजाम घेऊन निघाले. कोंढाळीला बस थांबली तेव्हा आलूबोंडा खाल्ला, वर तर्री (झणझणीत रस्सा) ओतून. डोळ्यांतून पाणी आलं, पण जीव सुखावला. पुढे डोंगर उघडेबोडके, सागाला पान नाही, आणि मध्येच एखादा संत्र्याचा बगीचा हिरवागार. कारंज्याच्या अलीकडे टायर बसलं. सगळी बस एका कडुनिंबाच्या सावलीत दाटीवाटीने उभी राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी कुठे चाललात विचारलं. घोरणाऱ्या माणसाची मशीन पाहायला, म्हटलं. बाबा म्हणाले, आमच्या गावात घोरणाऱ्याला कुशीवर लोटतात, त्यासाठी बस लागत नाही. मी हसले.

तळेगावात उतरले तेव्हा बाजाराची गल्ली सामसूम होती. दुकानामागेच घर. दुकानदार काकाजी साठीच्या पुढचे, अंगाने भारी, डोळे तांबारलेले. मशीन खोक्यात घालून, सुतळीने बांधून त्यांनी दारातच ठेवलेली. आधी चांगली चालली, आता तोंडावर उशी दाबल्यासारखं होतं, म्हणाले. मी म्हटलं, एकदा उघडून पाहते. लाइन गेलेली (आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात), ती दुपारनंतर येणार. तोवर जेवा, असा हुकूम सुटला.

जेवायला आंब्याचा रस आणि सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या शेवया). त्यांची बायको, काकू, समोर बसून आग्रहाने वाढत होत्या. काकाजी हात धुवायला गेले तशा त्या हळूच बोलू लागल्या. काकाजींचा श्वास थांबला की त्या त्यांना हलवायच्या. वर्षानुवर्षं रात्र अशीच काढलेली, डोळ्याला डोळा नाही. मशीन आली आणि पहिल्यांदा त्यांना रात्रीची झोप मिळाली. आता ती गेली तर पुन्हा उशाशी बसणं आलं. ‘हात जोडते ताई, नेऊ नका,’ असं त्या म्हणाल्या नाहीत. पण माझी वाटी भरलेली असतानाही त्या रस ओतत राहिल्या.

खोकं सोडलं. मशीनच्या पाठीमागे हवा आत घ्यायची खिडकी असते, तिच्यात स्पंजाचा फिल्टर आणि त्यामागे पांढरा पातळ कागदासारखा दुसरा. झाकण काढलं तर स्पंज ओला गच्च! दाबल्यावर चिखल बोटांवर आला. मागचा पांढरा फिल्टर काळा पडून घट्ट झालेला. अशातून हवा आत जाणार कुठून? माणूस गुदमरणारच.

‘कूलरच्या बाजूले ठेवता का?’ मी विचारलं.

‘नाई,’ काकाजी म्हणाले. ‘मशीनलेच घाम फुटत असन.’

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. पदर तोंडाशी.

‘मी भिजवत होती,’ त्या म्हणाल्या. ‘हप्त्यातून एकदा धुवा, असं तुमच्या माणसानं सांगितलं होतं. मी म्हटलं, कूलरची खस कशी, भिजवली तं हवा थंडी येते. यायले उकडते, म्हणून रोज झोपाच्या आधी पाणी टाकत होती.’

(यायले म्हणजे ‘यांना’, खस म्हणजे वाळा. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरची खस ओली ठेवणं हे घरातल्या बाईचं दिवसाचं पहिलं काम.) मला हसू येत होतं आणि रडूही. काकाजींनी तो स्पंज हातात घेऊन पिळला.

‘म्हणजे तू मले थंडी हवा देऊन राह्यली होती,’ ते म्हणाले, ‘अन् मी मशीनले शिव्या.’

पिशवीतून नवे दोन्ही फिल्टर काढून बसवले. काकूंना सगळं करून दाखवलं: स्पंज आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात धुवायचा, सावलीत पुरता वाळवायचा, तोवर दुसरा कोरडा लावायचा. पांढऱ्याला पाणी दाखवायचंच नाही, काळा पडला की फेकायचा. त्या मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, ‘अन् बाकीच्या दिवशी मी काय करू?’

‘झोपा,’ मी म्हटलं.

लाइन आली. काकाजी मास्क लावून आडवे झाले. मी पट्टे सैल-घट्ट केले, नळीला हात लावून हवा पाहिली. घोरण्याचा आवाज नाही, अडखळणं नाही, छाती एकसारखी वरखाली. काकू सवयीने उशाशी बसल्या, हात पलंगाच्या काठावर. मी पाणी प्यायला आत गेले आणि आले तर त्यांचंही डोकं त्या काठावर टेकलेलं.

आमच्या विदर्भात पाहुण्याला एसटीपर्यंत पोचवल्याशिवाय कोणी सोडत नाही, हातात काहीतरी कोंबतात, ‘येजो माय’ (पुन्हा ये गं बाई) म्हणतात. मी चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि भर उन्हात एकटीच स्टँडवर गेले. बसमध्ये मला फार श्रीमंत वाटत होतं. मी नोकरीला लागले तेव्हा वाटायचं, आपण मशिनी विकतो. त्या दिवशी कळलं, एका घरात दोन माणसांची झोप असते आणि आपण फक्त तिच्यातली धूळ काढतो.

संध्याकाळी शेठनी विचारलं, ‘मशीन कुठे? काय म्हणाले ते लोक?’

‘निघताना काहीच म्हणाले नाहीत,’ मी म्हटलं. ‘दोघंही झोपले होते.’